सण त्यांचा, ओटा आपला

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठाण्यात इतर कुठल्याही गुरुवारसारखाच उजाडतो. शाळा चालू, ऑफिसं चालू, लोकलला तीच गर्दी. पण कळव्याच्या वस्तीत इंग्रजी शिकवायला, येऊरच्या आदिवासी पाड्यांवर आरोग्याच्या कामाला सहा-आठ महिन्यांसाठी आलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांचा तो थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे सुगीनंतर आभार मानायच्या सणाचा दिवस असतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हॉस्टेलच्या खोलीत एकटं बसावं लागलं तर जसं वाटेल, तसा त्यांचा तो दिवस जातो.

आमच्या सोसायटीतली तीन घरं मिळून हा सण उभा करतात. साधारण वीस माणसं जेवायला असतात: सहा-सात स्वयंसेवक, बाकी आम्ही आणि त्यांच्या संस्थेतले सहकारी. पुढची सगळी मापं वीस जणांची आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक पाहुणचाराची होते. पाहुण्याने सोफ्यावर बसायचं, आपण सरबत द्यायचं, ‘तुम्ही काही करू नका’ म्हणायचं आणि ताट वाढून समोर ठेवायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. थँक्सगिव्हिंगला असं केलं की पाहुणा नीट जेवतो, मनापासून आभार मानतो आणि खोलीवर गेल्यावर त्याला घर आणखीच आठवतं. या सणाचा अर्धा जीव आदल्या दिवशीच्या कामात आहे. भोपळा सोलायचा, पाव कुस्करायचा, बटाट्यांचा ढीग पाडायचा, एका स्वयंपाकघरात सहा जणांनी एकमेकांच्या पायात यायचं. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला दिवाळीत फराळाचं पार्सल पोचतं, पण सोऱ्या फिरवायला मिळत नाही, तशातलंच हे. म्हणून आमचा एकच नियम आहे, ओटा त्यांच्या ताब्यात द्यायचा. आपण भांडी काढून द्यायची, ओव्हनचा स्वभाव सांगायचा, दुकानं दाखवायची आणि सांगितलं तर कांदा चिरायचा.

विचारपूस तीन आठवडे आधी सुरू होते. ‘अमेरिकेत काय करतात’ असं विचारलं की सगळे टर्कीचं, कोंबडीहून कितीतरी मोठ्या पक्ष्याचं, नाव घेतात आणि पुढे काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारायचं, ‘तुझ्या घरी कुठला पदार्थ नसेल तर सण झाला असं वाटणार नाही?’ मग खरी उत्तरं येतात. दक्षिणेकडच्या राज्यांतली मुलं मक्याच्या ब्रेडचं आणि मॅकरोनी-चीजचं नाव घेतात, कुणाला फक्त आजीचा पेकन पाय (pie), म्हणजे अक्रोडासारख्या पेकनचं सारण मैद्याच्या आवरणात भाजलेला गोड पदार्थ हवा असतो. मेक्सिकन वळणाच्या घरात तमाले (मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेल्या गुंडाळ्या) असतात आणि भारतीय वंशाच्या घरात टर्कीशेजारी बिर्याणीही असते. प्रत्येकाचा एकेक पदार्थ ठरवायचा आणि तो त्यानेच करायचा. याच वेळी ॲलर्जी विचारून घ्यायची. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारा कुणी ना कुणी निघतो, आणि आपल्या घरात तेल शेंगदाण्याचं, कूट डब्यात आणि तेच चमचे सगळीकडे. अशा वेळी त्या स्वयंपाकघरात सूर्यफुलाचं तेल नवीन पिशवीतून काढायचं आणि कुटाचा डबा दुसऱ्या घरी पाठवायचा.

तारीख ठरवताना पंचांग उघडावंच लागतं. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी १८६३मध्ये हा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी पाळायचं जाहीर केलं आणि १९४१च्या कायद्याने तो चौथा गुरुवार झाला. आता मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे आपल्याकडे महालक्ष्मीचं व्रत, घट आणि उपास. २०२२मध्ये २४ नोव्हेंबर आणि २०२५मध्ये २७ नोव्हेंबर हे थँक्सगिव्हिंगचे दिवस मार्गशीर्षाचे पहिलेच गुरुवार होते. मध्ये २०२३ला तो कार्तिकी एकादशीला आला. अशा दिवशी तीनपैकी दोन घरांत अंडंसुद्धा आणता येत नाही, आणि कुणाच्या देवघरात घट बसलेला असताना शेजारच्या ओव्हनमध्ये कोंबडी भाजणं पाहुण्यांनाही अवघड वाटतं. २०२६चा २६ नोव्हेंबर कार्तिक वद्यात आहे, त्यामुळे ती अडचण नाही. तरी गुरुवार पाळणारे असतातच. शिवाय गुरुवारी सगळ्यांना काम असतं. म्हणून जेवण शनिवारी संध्याकाळी, आणि गुरुवार घरच्यांशी बोलण्यासाठी मोकळा. अमेरिकेबाहेर राहणारे कितीतरी अमेरिकन हा सण जवळच्या शनिवार-रविवारीच करतात, त्यामुळे यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

गुरुवारच्या फोनचं गणित आधी करून ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणून ऑक्टोबरमध्ये जमलेली वेळ आता चुकते. नोव्हेंबरअखेर न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं आणि कॅलिफोर्निया साडेतेरा तास. तिथे कुटुंब दुपारी दोन-चारच्या सुमाराला जेवायला बसतं, म्हणजे आपली रात्र साडेबारा ते अडीच. त्यापेक्षा दोन चांगल्या वेळा आहेत. गुरुवारी रात्री आठला न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ असतात आणि तिथल्या स्वयंपाकघरात धावपळ चालू असते. आईला विचारून पाककृती लिहून घ्यायला हीच वेळ. दुसरी शुक्रवारी सकाळी साडेसहाची, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये गुरुवारचे रात्रीचे आठ आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे पाच. जेवणं झालेली, सगळे एकत्र. संस्थेने शुक्रवारी सकाळी उशिरा येण्याची मुभा दिली तर फार मोठं काम होतं. हॉस्टेलचं नेट अडखळत असेल तर आपल्या घरातली एक खोली दार लावून द्यायची आणि आपण त्या बाजूला फिरकायचं नाही.

आता पक्षी. गोठवलेली टर्की मुंबईत आधी सांगून ठेवली तर मिळते, पण आम्ही ती आणत नाही. पाच किलोची टर्की आपल्या २८-३० लिटरच्या ओटीजी ओव्हनमध्ये मावत नाही. फ्रिजमध्ये ती वितळायला दर दोन किलोंना एक दिवस धरावा लागतो, म्हणजे अडीच दिवस एक अख्खा कप्पा. घाईने ओट्यावर ठेवली तर ठाण्याच्या नोव्हेंबरात बाहेरचं मांस खराब व्हायला लागतं आणि आत बर्फ तसाच राहतो. पैसेही कोंबडीच्या कितीतरी पट. चार अख्ख्या कोंबड्या हे उत्तर बरं. (पीस कोअर या अमेरिकी सरकारी योजनेचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतात होते, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांचं कामच कुक्कुटपालनाचं होतं. तेव्हा कोंबडीचं नातं इथे अगदीच परकं नाही.)

चिकनवाल्याला मात्र आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण आपल्याकडे कोंबडी सोलूनच देतात. कातडी नसेल तर भाजताना मांस सुकून चामट होतं. सांगायचं असं: ‘स्किनसकट पाहिजे, पिसं नीट काढ, तुकडे करू नको, फक्त पाठीचा कणा कापून काढ आणि वेगळा दे.’ जिवंत वजन दोन किलो असेल तर साफ केलेली कातडीसकट तेराशे-साडेतेराशे ग्रॅम भरते. कणा काढलेली कोंबडी छातीवर तळव्याने जोरात दाबली की पुस्तकासारखी उघडून सपाट होते. हे करण्याचं कारण ओटीजीची उंची. अख्खी गोल कोंबडी ठेवली तर छाती वरच्या सळईच्या अगदी जवळ येते, बाहेर करपते आणि मांडीच्या सांध्यापाशी रक्त राहतं. सपाट केली की सगळीकडे सारखी शिजते आणि वेळही बराच कमी लागतो.

मीठ आदल्या रात्री लावायचं. किलोला दहा-अकरा ग्रॅम, म्हणजे एका कोंबडीला साधारण अडीच चहाचे चमचे, आत-बाहेर आणि थोडं कातडीखाली. मग झाकण न ठेवता फ्रिजमध्ये बारा तास. झाकलं तर कातडी ओली राहते आणि नंतर कुरकुरीत होत नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत पाहुणे सांगतील. चांगलीच आहे, पण चार पातेल्यांना फ्रिजमध्ये जागा कुठली? सकाळी लोणी चोळायचं. आपल्याकडचं पिवळं लोणी बहुतेक खारट असतं, तेव्हा बिनमिठाचं मागून आणा, नाहीतर रात्रीच्या मिठातून पाव चमचा कमी करा. थाइम आणि सेज ही वाळलेली सुगंधी पानं प्रत्येकी अर्धा चमचा. सेजचा हात सैल झाला तर औषधी वास येतो.

२०० अंशांवर, सगळ्यात खालच्या कप्प्यात, पन्नास-पंचावन्न मिनिटं. पंचवीस मिनिटांनी ट्रे फिरवायचा, कारण ओटीजीचा मागचा भाग जास्त तापतो. वरून रंग लवकर आला तर फॉइल सैल टाकायचा. ‘रस पांढरा आला की झालं’ या अंदाजावर वीस माणसांचं जेवण सोपवू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसला आणि ७४ अंश दाखवले की बाहेर काढायची. पंधरा मिनिटं तशीच राहू द्यायची, मग कापायची. लगेच कापली तर सगळा रस ताटात.

विजेचा विचार याच्याही आधी. तीस लिटरचा ओटीजी साधारण दीड हजार वॅट घेतो. तो सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायचा, एक्स्टेन्शन बोर्डला नाही. बोर्डाची वायर गरम होऊन वितळते. एका घरात ओव्हन, गीझर आणि इंडक्शन एकदम चालू केलं की एमसीबी पडते आणि ओव्हनचं तापमान अर्ध्यावर येतं, जे पायसाठी घातक. म्हणून तीन घरं, तीन ओव्हन. आमची वाटणी अशी: दुसऱ्या मजल्यावर चिकन, चौथ्या मजल्यावरच्या शाकाहारी घरात बिनअंड्याचा पाय आणि भाज्या, पहिल्या मजल्यावर बाकीचे पाय, पावाचं स्टफिंग आणि उरलेल्या कोंबड्या. एका ओव्हनमध्ये एका वेळी एकच सपाट कोंबडी बसते, तेव्हा जेवण आठला असेल तर पहिली कोंबडी साडेपाचला आत जायला हवी. आधी भाजलेल्या फॉइलमध्ये गुंडाळून, जाड टॉवेलात, झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर तासभर चांगल्या गरम राहतात. दोन तासांच्या वर नको. बेकरीत ट्रे पाठवण्याचा विचार सगळ्यांना सुचतो, दिवाळीत नानकटाई पाठवतात तसा. बेकरीची भट्टी पायला फार कडक पडते, आणि पुष्कळ बेकऱ्या चिकन आत घेत नाहीत. विचारून बघा, पण त्यावर बेत रचू नका.

भोपळ्याच्या पायला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो, आणि मराठी हात सगळ्यात जास्त तिथेच चुकतो. अमेरिकेत गर डब्यातून येतो, घट्ट आणि कोरडा. आपला लाल भोपळा पाणी सोडतो. कुकरमध्ये शिजवला तर आणखी पाणी पितो, पाय ओव्हनमध्ये तास झाला तरी थलथलत राहतो आणि खालचा तळ भिजतो. म्हणून भोपळ्याच्या फोडी सालीसकट, तेलाचा हात लावून, १९० अंशांवर पाऊण तास भाजायच्या. गर काढून मिक्सरमधून फिरवायचा आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखा मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगायचा. सकाळी खालच्या पातेल्यात निघालेलं पाणी बघून सगळे थक्क होतात. दीड किलो भोपळ्यातून साडेचारशे-पाचशे ग्रॅम घट्ट गर मिळतो, एका पायला पुरेसा. वीस माणसांना तीन पाय लागतात, म्हणजे साडेचार किलो भोपळा. कापलेली फोड घेताना गडद केशरी आणि हाताला जड बघा.

आवरणासाठी एका नऊ इंची टिनला दीडशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ आणि तीन-चार मोठे चमचे बर्फाचं पाणी. इथे करंजीची सवय सोडावी लागते. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, ते पिठाच्या कणाकणाला लागतं आणि आवरण खुसखुशीत होतं. पायला पापुद्रे हवेत. त्यासाठी लोणी थंड, वाटाण्याएवढ्या तुकड्यांत पिठात राहायला हवं. ओव्हनमध्ये ते वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात. चिरोट्यातल्या साट्याचं काम इथे लोण्याचे तुकडे करतात. ठाण्यात नोव्हेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर जातो आणि हाताच्या उबेनेच लोणी सैल पडतं. त्यामुळे हे काम सकाळी सातच्या आत, मैदा आणि परातही आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून. मळायचं नाही, फक्त गोळा जमवायचा. मळलं की चिवट होतं आणि भाजताना आक्रसून टिनच्या कडेवरून खाली घसरतं. गोळा तासभर फ्रिजमध्ये, मग लाटायचा, टिनमध्ये बसवायचा, पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये. नंतर वर बटर पेपर, त्यावर अर्धा किलो राजमा वजन म्हणून, १९० अंशांवर पंधरा मिनिटं. राजमा काढून आणखी आठ-दहा मिनिटं. तो राजमा पुन्हा शिजवण्याच्या कामाचा नाही, बरणीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवा.

सारण एका पायला: सव्वाचारशे ग्रॅम गर, कंडेन्स्ड मिल्कचा सुमारे चारशे ग्रॅमचा एक डबा, दोन अंडी, एक चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ, चिमूटभर लवंग आणि मीठ. वेलची घालण्याचा मोह होतो. घालू नका, घातली की चव थेट भोपळ्याच्या खिरीवर जाते आणि पाहुण्याच्या जिभेला ओळखीचं काही राहत नाही. गूळ घालायचा असेल तर कंडेन्स्ड मिल्कसोबत नको, गुळाने दूध फाटतं. १७५ अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मधला तळहाताएवढा भाग किंचित हलत असतानाच ओव्हन बंद. पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवला तर गार होताना वर चिरा पडतात.

तीनपैकी एक पाय आम्ही बिनअंड्याचा करतो. गर आणि कंडेन्स्ड मिल्क तेवढंच, त्यात दोनशे मिली दूध आणि पाच मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थंड असतानाच मिसळायचं, मग मंद आचेवर सतत ढवळत खिरीहून दाट करायचं. बुडबुडे फुटायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. पूर्ण भाजलेल्या आवरणात ओतून चार तास फ्रिजमध्ये. हा पाय ओव्हनमध्ये जात नाही, त्यामुळे त्या घराचा ओव्हन भाज्यांसाठी मोकळा होतो.

कोंबडीबरोबरच्या आंबटगोड सॉसला लागणारी क्रॅनबेरी, लाल आंबट फळ, ताजी मिळत नाही. वाळलेली मिळते, पण ती साखरेत घोळवलेली असते, आणि ताज्या फळासारखी स्वतःच्या पेक्टिनने घट्ट होत नाही. करवंद हा पहिला विचार, पण त्याचा हंगाम उन्हाळ्यात. नोव्हेंबरात बाजारात काय असतं? आवळा. आंबट, तुरट, पेक्टिनने भरलेला. दोनशे ग्रॅम वाळलेली क्रॅनबेरी, चार-पाच संत्र्यांचा तीनशे मिली रस, तीन आवळे उकडून किसलेले, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ. मंद आचेवर वीस मिनिटं. गार झालं की मोरावळ्याइतकं घट्ट होतं. आवळा न उकडता किसला तर कडवट लागतो. पाहुण्यांना आवळ्याचं आधी सांगायचं, लपवायचं नाही. कार्तिकात आपण आवळीखाली भोजनाला बसतो हेही तेव्हाच सांगता येतं. सुगीनंतर एकत्र बसून जेवणं त्यांना नवं नाही, त्यामुळे ते लगेच पोचतं.

क्रॅनबेरी, अक्रोड, वाळलेल्या पानांच्या बाटल्या हे सामान घ्यायला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लाइनने तुर्भ्याला उतरून वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजारातल्या मसाला मार्केटला पाहुण्यांसह एक फेरी करावी. दालचिनीची पोती बघून त्यांचा अर्धा दिवस सार्थकी लागतो. पेकनऐवजी काश्मिरी अक्रोड चालतो. बाकी भाजी जांभळी नाक्यावर. सेलरी कुणाकडे मिळेल असं वाटत नसेल तर चायनीजच्या हॉटेलांना माल देणारा भाजीवाला गाठा, त्याच्याकडे असते.

स्टफिंगला ब्रेड नको, आपला लादी पाव उत्तम. चार लाद्या, म्हणजे चोवीस पाव, एक दिवस शिळे. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून १५० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं पूर्ण सुकवायचे. हा टप्पा गाळला की पाव रस्सा पिऊन लगदा होतो. दीडशे ग्रॅम लोण्यात चार कांदे आणि सेलरीच्या सात-आठ काड्या मऊ करायच्या, दोन चमचे सेज, एक चमचा थाइम, मिरपूड, आणि साधारण नऊशे मिली रस्सा थोडा थोडा घालत जायचा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी निघू नये. दोन ट्रे करायचे, एक भाज्यांच्या रश्श्यातला. १८० अंशांवर झाकून अर्धा तास, उघडं पंधरा मिनिटं. चिकनचा रस्सा वेगळे घेतलेले कणे, माना आणि पंखांची टोकं यांचा, आदल्या रात्री कुकरमध्ये पाऊण तास उकळून.

त्याच रश्श्यातून ‘ग्रेव्ही’. या शब्दाने आपली फसगत होते. आपली ग्रेव्ही म्हणजे कांदा-टोमॅटोचं वाटण. त्यांची म्हणजे भाजलेल्या कोंबडीच्या ट्रेमधला खरवडलेला रस, तीन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा आणि अर्धा लिटर रस्सा. मैदा बदामी भाजून रस्सा हळूहळू ओतायचा. गरम मैद्यात उकळता रस्सा एकदम पडला की कच्च्या पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. झाल्या तर गाळून घ्या, कुणाला कळत नाही.

मॅश केलेल्या बटाट्याला जुना बटाटा साडेतीन किलो. नवा बटाटा चिकट होतो. सोलून, मोठ्या फोडी मिठाच्या पाण्यात शिजवायच्या, पाणी पूर्ण काढून त्याच गरम पातेल्यात दोन मिनिटं वाफ जाऊ द्यायची आणि मग पुरणयंत्रातून काढायचा. हे यंत्र पाहुण्यांच्या हाती दिलं की ते सोडत नाहीत, आणि काम तिथल्या खास साधनाइतकंच छान होतं. मिक्सरला मात्र लावू नका; स्टार्च फुटून खळ तयार होते, ती परत सुधारत नाही. दोनशे ग्रॅम लोणी आधी, गरम दूध नंतर. फरसबी, रताळी, मक्याचे दाणे यांत चुकण्यासारखं फारसं नाही.

टेबलाबद्दल दोन-तीन गोष्टी. सगळे पदार्थ मध्ये ठेवून भांडी एकाकडून दुसऱ्याकडे फिरवतात, वाढायला कुणी उभं राहत नाही. आग्रहही नको, ‘आणखी एक घे’ तीनदा ऐकल्यावर पाहुणा नाइलाजाने घेतो. आणि हे जेवण आपल्या जिभेला फिकं लागतं, ते त्यांच्या ताटात तिखट घालून सुधारायचं नसतं. ठेचा आणि लिंबाचं लोणचं बाजूला ठेवा. ज्याला हवं तो घेतो, आणि स्वयंसेवकच ठेचा आधी संपवतात.

जेवणाआधी प्रत्येक जण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगतो. काही घरांत प्रार्थना म्हणतात, काहींत नाही. ते त्यांनीच ठरवायचं. आमच्याकडची लहान मुलं जेवणाआधीचा श्लोक म्हणतात. मराठी माणसं इथे अवघडतात, कारण ‘आभारी आहे’ हे आपण घरात सहसा बोलत नाही. मराठीत बोलायची मुभा द्या आणि शेजारच्याने इंग्रजीत सांगावं. मग भाषणं होत नाहीत, खरं काहीतरी निघतं. कुणी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलतं, कुणी दहावी झालेल्या मुलीबद्दल.

संस्थेच्या वर्गात मुलांसाठी काही करायचं असेल तर तळहात कागदावर ठेवून गिरवायचा: अंगठा म्हणजे टर्कीचं डोकं, चार बोटं म्हणजे पिसारा. पाचवीच्या खालच्या मुलांना हे फार आवडतं. पिसांच्या टोप्या घालून ‘रेड इंडियन’चं नाटक मात्र बसवू नका. १६२१मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथच्या इंग्रज वसाहतीने सुगीचं जेवण केलं तेव्हा तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांचे सुमारे नव्वद पुरुष आपला प्रमुख मॅसासॉइट याच्यासह तिथे होते आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली, असं तेव्हाच्या एका पत्रात नोंदलेलं आहे. पण त्यानंतर मूळ रहिवाशांच्या वाट्याला जे आलं, त्यामुळे त्यांच्यातले अनेक जण १९७०पासून याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात. स्वयंसेवकांना हे माहीत असतं आणि ते त्यावर बोलायलाही तयार असतात. येऊरच्या पाड्यावरच्या मोठ्या मुलांना ही बाजू कुणी समजावून सांगायला लागत नाही. जमीन कुणाची, हा प्रश्न ते स्वतःच विचारतात.

कुणाला रात्री मुक्कामाला ठेवणार असाल तर परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती यजमानाने चोवीस तासांत ऑनलाइन भरायची असते. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत आधीच मागून ठेवा, रात्री अकराला शोधाशोध होते.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. गप्पांच्या नादात चिकन टेबलावरच राहतं, म्हणून एकाला हे काम नेमून द्या. जाताना प्रत्येक स्वयंसेवकाच्या हातात डबा हवा, आणि हा आपला हट्ट नाही, त्यांच्याकडेही उरलेलं वाटून नेणं हा सणाचाच भाग आहे. हॉस्टेलला फ्रिज नसेल तर डबा आमच्याकडेच राहतो आणि रविवारी सकाळी ते परत येतात. हाडं कुकरमध्ये पाण्यासह चढवलेली असतात. पाव आडवा कापायचा, खाली स्टफिंगचा थर, त्यावर गार चिकन, चमचाभर आवळा-क्रॅनबेरी, थोडी ग्रेव्ही, आणि तव्यावर लोणी सोडून दोन्ही बाजूंनी दाबून भाजायचा. मंद आचेवर भाजा, मोठ्या आचेवर पाव करपतो आणि आतलं चिकन गारच राहतं.